कन्व्हर्टिबलचं छत मधेच अडकलं? आधी आवाज ऐका

बटण दाबलं, काचा चार बोटं खाली सरकल्या, मागचं झाकण उचललं, छत अर्धं वर आलं आणि थांबलं. ना पुढे ना मागे, दोऱ्या सुटलेल्या तंबूसारखं तिरकं उभं. आणि वर ढग. जुनी, पंधरा-वीस वर्षांची कन्व्हर्टिबल, म्हणजे बटणाने छत दुमडून उघडणारी स्पोर्ट्स कार ज्याच्याकडे आहे त्याला हा सीन कधी ना कधी बघावा लागतोच, आणि अशा वेळी माणूस हमखास एकच गोष्ट करतो, ते बटण परत परत दाबत बसतो, अजून जोरात दाबतो, जसं काही जोर लावला की मोटरला दया येणार आहे.

तेवढं करू नका. एकतर या मोटर ताकदवान असतात, कुठेतरी काही अडकलेलं असेल आणि मोटर ओढतच राहिली तर जे तुटायचं बाकी होतं तेही तुटतं, आणि ते बहुतेक वेळा असलं काहीतरी असतं की कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. दुसरं म्हणजे बऱ्याच गाड्यांत मोटर किंवा पंप गरम झाला की सिस्टिम स्वतःच त्याला थोडा वेळ बंद ठेवते, म्हणजे मूळ प्रॉब्लेम बारीकसा असतो आणि वर हा दुसरा, आपणच बनवलेला. मग कळतच नाही की आता खरंच बंद पडलंय की नुसतं रुसलंय.

आता हे छत चालतं कसं ते आधी समजून घेऊ, कारण ते एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. आपल्याला वाटतं एक मोटर आहे, ती छत ओढते, संपलं. तसं नसतं. हा सगळा खो-खोचा खेळ आहे. काच खाली गेली की तिने खो द्यायचा, मग मागच्या झाकणाची कडी सुटणार, कडी सुटल्याचा खो मिळाला की झाकण उचललं जाणार, झाकण पूर्ण उघडलं असा खो आला की मगच छताची फ्रेम हलणार, फ्रेम आत बसल्याचा खो आला की झाकण परत बंद. प्रत्येक टप्प्याला एक छोटासा स्विच किंवा सेन्सर बसवलेला असतो, त्याचं काम एवढंच, "झालं" म्हणून सांगणं. आणि खो मिळाल्याशिवाय पुढचा गडी उठत नाही. तुमचं छत मधेच थांबलंय म्हणजे बऱ्याचदा काही मोडलेलं नसतं, कुणीतरी खो दिलेला नसतो, किंवा दिलाय पण पुढच्यापर्यंत पोचलेला नाही. म्हणून "छत का चालत नाही" हा प्रश्नच विचारायचा नाही. विचारायचं, कुठल्या टप्प्यावर थांबलंय आणि तिथे खो कुणी द्यायचा होता.

हे काही कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालेलं नाही बरं का. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात स्कायलायनर नावाची गाडी काढली होती, तिचं अख्खं पत्र्याचं छत दुमडून डिकीत जायचं. तेव्हा कसला कॉम्प्युटर आणि कसलं काय! जवळजवळ ६०० फूट वायर, दहा रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच), दहा लिमिट स्विच (भाग टोकाला पोचला की दबणारे), आणि एकाने दुसऱ्याला जागं करायचं. आजच्या गाडीत त्या रिलेंच्या जागी एक कंट्रोल मॉड्युल, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, आलंय एवढाच काय तो फरक, खेळ तोच आहे.

बरं, आता अडकलेल्या छताजवळ जाऊ. हातात पाना घेण्याआधी कान वापरा. म्युझिक बंद, एसीचा पंखा बंद, इंजिनही क्षणभर बंद, नुसती इग्निशन ऑन, आणि बटण एकदा, फक्त एकदा, दोन-तीन सेकंद दाबा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दाबायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. (हात मात्र फ्रेममध्ये घालू नका, छताच्या त्या कैच्या बोटांची काय हालत करतात ते बघायची हौस नको.) यातून चारपैकी एक काहीतरी ऐकू येतं. एक, काहीच नाही, चिडीचूप. दोन, बारीक "टिक" पण पुढे शांतता. तीन, मोटर किंवा पंप फिरल्याचा आवाज येतो पण छत हलत नाही. चार, छत हलतं पण वाकडं जातं, एक बाजू पुढे आणि एक मागे. या चार आवाजांचे रस्ते अगदी वेगळे आहेत आणि लोक इथेच चुकतात, आवाज न ऐकता सरळ मोटर बदलायला निघतात.

चिडीचूप असेल तर सगळ्यात आधी बावळट वाटणाऱ्या गोष्टी बघा. हँडब्रेक ओढलाय का? पोर्शच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे १९९६ ला आलेल्या ९८६ मध्ये, हँडब्रेक वर असल्याशिवाय छत हलतच नाही, आणि हँडब्रेकच्या खालचा तो छोटा स्विच जरा सरकला किंवा कळकला की गाडीला वाटतं हँडब्रेक खालीच आहे. सोपी परीक्षा, हँडब्रेक ओढल्यावर डॅशबोर्डवर त्याचा लाल दिवा लागतो का बघा, नसेल लागत तर चोर तिथेच. पुढे विंडस्क्रीनच्या वरची कडी हाताने उघडायची असेल तर ती पूर्ण उघडलीय का, अर्धवट नाही ना. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्कमध्ये आहे का. आणि पत्र्याचं छत डिकीत दुमडणाऱ्या गाड्यांमध्ये, मर्सिडीजची जुनी एसएलके घ्या उदाहरणाला, डिकीच्या आत एक पडदा असतो, तो ओढून जागेवर अडकवलेला नसेल तर छत अजिबात ऐकत नाही. बरोबरच आहे त्याचं, सामान असेल त्याच्यावर छत येऊन बसलं तर काच फुटेल की.

या पडद्यावरून आठवलं. एका मित्राच्या गाडीचं छत दोन आठवडे बंद होतं, त्याने फ्यूज बदलले, बॅटरी बदलली, कुणीतरी त्याला पंप गेला म्हणून सांगितलं आणि तो बिचारा पंप शोधायला पण लागला होता. मी सहज डिकी उघडली तर रेनकोटची एक पिशवी पडद्याच्या कडेला दाबून बसलेली, पडदा वरून बघितलं तर लागलेला, पण त्याचा उजवा खुंटा खाचेत अर्धा सेंटिमीटर वर. पिशवी काढली, पडदा परत दाबला, टक् करून बसला, छत चालू. मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी हसलो नाही कारण मीही हे केलेलं आहे.

आता "टिक" वाला प्रकार. टिक म्हणजे रिलेने आपलं काम केलं, म्हणजे बटण ठीक, मॉड्युल ठीक, परवानगी मिळालीय, पण करंट मोटरपर्यंत पोचत नाहीये किंवा पोचतोय पण पुरेसा नाही. इथे बॅटरी आली. चांगली भरलेली बॅटरी काही लोड नसताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. पण नुसता आकडा बघून खूश होऊ नका, कारण छताची मोटर किंवा पंप सुरू होताना भसकन करंट ओढतो आणि म्हातारी बॅटरी तेवढ्यात ढेपाळते. म्हणून बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावून ठेवा आणि बटण दाबतानाचा आकडा बघा. तो एकदम दहाच्या खाली गेला तर छताला शिव्या देण्यात अर्थ नाही. अशा वेळी इंजिन चालू करून ट्राय करा, अल्टरनेटर साधारण १४ व्होल्टच्या आसपास देतो, आणि कितीतरी "बंद पडलेली" छतं एवढ्यावरच मुकाट्याने हलतात. फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धूर जीवघेणा असतो.

बॅटरी धडधाकट आहे आणि तरी मोटर उठत नाही तर अर्थिंगकडे, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेकडे बघा. जुन्या गाडीत अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने लावलेली असते तिथे गंज धरतो. गंजाचा अडथळा किती, तर समजा ०.१ ओहम, म्हणजे म्हटलं तर काहीच नाही. पण मोटर २० अँपिअर ओढत असेल तर २० गुणिले ०.१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले, बारातले दहाच उरले. आणि गंमत अशी की लोड नसताना मीटरला तिथे पूर्ण १२ दिसतात, म्हणून मेकॅनिक पण फसतो, म्हणतो करंट येतोय, मोटरच गेली. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत घट्ट बसवा. दहा मिनिटांचं काम आहे. फ्यूज बघताना पण नुसता डोळ्याने बघू नका, कधीकधी बारीक तडा गेलेला असतो, मीटरने चेक करा, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घालायचा मोह तर बिलकुल नको, वायरच जळेल. रिलेवर संशय असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा दुसरा रिले हॉर्नला वगैरे लावलेला असतो, तो तात्पुरता अदलाबदल करून बघा. नंबर तंतोतंत तोच हवा पण.

आणि मोटर स्वतः? तिच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे आतले कार्बन ब्रश झिजले की ती कधी चालते कधी नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तिला हलकेच टकटक केल्यावर छत हललं तर समजा ब्रश गेलेत, एकदा घरी पोचून घ्या आणि मग मोटर उघडा.

पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त त्रास कुणी दिला असेल तर त्या मायक्रोस्विचने. नखाएवढी काळी प्लॅस्टिकची डबी, तिच्यावर एक पातळ पत्र्याची जीभ, जीभ दाबली की आत टिक होतं. बस. फ्रेम किंवा झाकण जागेवर आलं की त्याचा एखादा दांडा येऊन ही जीभ दाबतो. आता वीस वर्षांत काय होतं, धूळ आणि जुनं ग्रीस मिळून एक चिकट काळा गाळ होतो आणि जीभ दाबल्यावर परत वर येतच नाही. किंवा जीभ जरा वाकते, दांडा येतो पण तिच्यापासून एक-दोन मिलिमीटर लांबच थांबतो. डोळ्यांना झाकण पूर्ण उघडलेलं दिसतंय, पण गाडीच्या हिशोबाने ते अजून उघडतंयच, आणि ती वाट बघत बसते. चेक करायचं सोपं आहे, टॉर्च घ्या, स्विच शोधा, बोटाने जीभ दाबा आणि कान लावा. दाबताना एक टिक, सोडताना एक टिक, दोन ऐकू यायला पाहिजेत. दुसरा टिक आला नाही तर तो अडकतोय. मीटर असेल तर कंटिन्युइटीवर (जोड लागला की बीप करणारी सेटिंग) ठेवून दाबताना बीप येते-जाते का बघा. साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, साधं तेल मारू नका, तेलावर परत धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत तुम्ही परत तिथेच. नंतरच्या गाड्यांमध्ये काही ठिकाणी मायक्रोस्विचऐवजी हॉल सेन्सर असतो, तो चुंबकाने चालतो, त्याला टिक नसतो, त्यामुळे ही कानाची परीक्षा तिथे चालत नाही.

आणि वायर. डिकीच्या बिजागरीपाशी, छताच्या सांध्यापाशी वायरचा जुडगा दर वेळी वाकतो आणि सरळ होतो, हजार वेळा झालं की आतली तांब्याची तार तुटते आणि बाहेरचं रबर मात्र अखंड, काही कळतच नाही. लक्षण असं, छत एखाद दिवशी चालतं, एखाद दिवशी नाही, आणि डिकी जरा वरखाली केली की चालतं. तसं असेल तर स्विच सोडा, जुडगाच बघा.

आता तिसरा आणि चौथा आवाज एकत्र घेतो, मोटर फिरतेय पण छत हलत नाही किंवा वाकडं जातंय. म्हणजे वीज ठीक, पुढे यंत्रात गडबड. ९८६ बॉक्स्टरचंच उदाहरण घेऊ कारण तिची रचना समजायला फार छान आहे. मागे मधोमध एक मोटर, तिच्यातून दोन लवचीक केबल निघतात, एक डावीकडे एक उजवीकडे, जुन्या स्पीडोमीटरला असायची ना तशी आत फिरणारी केबल. प्रत्येक केबलच्या टोकाला एक छोटा गिअरबॉक्स, तो झाकण पण उचलतो आणि छत पण. मोटर एकच असल्यामुळे दोन्ही बाजू आपोआप बरोबर चालतात, चालायला पाहिजेत. पण वय झालं की केबलचं बाहेरचं आवरण आखडतं किंवा सरकतं, आतलं चौकोनी टोक खोबणीत जेमतेम टेकतं, आणि एक दिवस एका बाजूचं टोक खोबणीतून निसटतं. मग मोटर फिरते, उजवी बाजू उचलली जाते, डावी तशीच, आणि अख्खं झाकण पिळवटतं. त्या क्षणी बटण सोडलं नाहीत तर पत्रा वाकलाच म्हणून समजा. याच बॉक्स्टरमध्ये ढकलणाऱ्या दांड्यांच्या टोकाला प्लॅस्टिकच्या वाट्या असतात, गोळ्यावर टक् करून बसणाऱ्या, त्या जुन्या झाल्या की फुटतात. त्या मुद्दामच कच्च्या ठेवल्यात असं म्हणणारे पुष्कळ लोक आहेत, म्हणजे काही अडकलं तर ती स्वस्तातली वाटी जावी आणि महागाचा गिअरबॉक्स वाचावा. मुद्दाम असो नसो, उपयोग तसा होतो खरा. त्यामुळे वाटी फुटली म्हणून नुसती वाटी बदलून मोकळे होऊ नका, ती का फुटली ते पण बघा.

वाकडं जातंय असं दिसलं की दोन्ही बाजू एका रेषेत आणल्याशिवाय मोटर चालवायचीच नाही. केबल सोडवा, मागे राहिलेली बाजू हाताने किंवा स्लो स्पीडच्या ड्रिलने फिरवून पुढच्या बाजूच्या बरोबरीला आणा, मग केबल लावा. एक दात मागेपुढे राहिला तरी छत बंद होताना एका कोपऱ्यात फट राहते आणि पाणी नेमकं तुमच्या मांडीवर.

हायड्रॉलिक छतांची गोष्ट वेगळी. तिथे मोटर छत ओढत नाही, ती पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरमधले दांडे ढकलतं. पंपाचा आवाज येतो पण हलत नाही तर पहिला संशय तेलाच्या लेव्हलवर. लेव्हल बघताना छत उघडं असावं की बंद हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि ते पाळाच, कारण दांडे बाहेर असताना सिलिंडरमध्ये तेल जास्त मावतं आणि टाकीत कमी दिसतं, लोक बघतात, घाबरतात, वरून ओततात आणि मग छत दुमडलं की ते सगळं डिकीच्या कार्पेटवर. तेलही जे सांगितलंय तेच. ब्रेक ऑइल टाकलंत तर सील फुगून वाट लागेल.

तेल कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय, ते उडून जात नाही. मर्सिडीजची १९८९ ची एसएल, आर१२९ म्हणतात ती, या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिच्यात विंडस्क्रीनच्या वर, कडीसाठी छोटे सिलिंडर आहेत, त्यांचे सील जुने झाले की भुगा होतात आणि तेल थेंबथेंब सनव्हायजरवर, तिथून थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर. केसाला तेल लावायची सोय कंपनीनेच करून दिल्यासारखी! चांगली गोष्ट ही की अख्खा सिलिंडर फेकायची गरज नसते, सिलिंडर काढून नवे सील टाकून मिळतात, आणि ते सील मूळच्यापेक्षा चांगल्या मटेरियलचे असतात. एक गळायला लागला की बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे लक्षात ठेवा.

आणि पंपाचा आवाज पण ऐका. भरल्या आवाजात घुर्र करत असेल तर लोड घेतोय, म्हणजे ताकद लावतोय पण काहीतरी अडलंय. मोकळा, कर्कश, मिक्सर रिकामा फिरल्यासारखा असेल तर तेल नाही किंवा हवा शिरलीय. हवा शिरली असेल तर तेल पुरेसं भरून छत दोन-चार वेळा पूर्ण उघडबंद केल्यावर बऱ्याच सिस्टिममधून ती आपली आपण टाकीत निघून जाते.

आता पाणी. हे मी वेगळं सांगतोय कारण याकडे कुणी बघत नाही. कापडी छत आणि बॉडी यांच्यामध्ये पाणी जातंच, ते जावं म्हणूनच पन्हाळी आणि खाली ड्रेनची भोकं दिलेली असतात. त्यात पानं, माती, छताचा धागा असं सगळं साठून बूच बसतं आणि पाणी मागच्या खोबणीत तुंबतं. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड४ मध्ये, २००२ ते २००८ ची ई८५, छताच्या पंपाची मोटर मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसवलीय, अगदी जिथे तुंबलेलं पाणी उतरतं तिथेच. ड्रेन बुजला, पाऊस पडला, मोटर पाण्यात, गेली. कुणाच्या डोक्यातून ही जागा निघाली देव जाणे. माझ्या गाडीचे ड्रेन मी पहिल्यांदा साफ केले तेव्हा पातळ प्लॅस्टिकची नळी घातली, जरा हलवली, आधी काहीच नाही, मग गाडीच्या पोटातून गुडगुड असा आवाज आला आणि मागच्या चाकापाशी काळं, कुजक्या पानांचं पाणी धो धो पडायला लागलं, बादलीभर तरी असेल. त्यानंतर मी वर्षातून दोनदा हे करतो. तार घालू नका हो, आतली रबरी नळी फाटते किंवा जागेवरून निसटते आणि मग पाणी गाडीच्या आत.

हे सगळं झालं निवांत असताना. पण छत उघडं अडकलंय, पाऊस यायला लागलाय आणि तुम्ही रस्त्यावर आहात तर? तेव्हा दुरुस्ती नाही, नुसतं बंद करायचं. बहुतेक गाड्यांत हाताने बंद करायची काहीतरी सोय असते आणि ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. हायड्रॉलिकमध्ये पंपावर एक प्रेशर सोडायचा स्क्रू असतो, तो मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढाच फिरवायचा, थोडं थांबायचं, मग छत हाताने उचलता येतं. दोन माणसं पाहिजेत, दोन बाजूंना, एकसारखं उचलायला, एकट्याने एका बाजूने ओढलं तर फ्रेम पिळते. आणि प्रेशर सोडल्यावर अर्ध्यात उभं असलेलं छत धाडकन खाली येऊ शकतं, म्हणून आधी कुणीतरी त्याला धरून उभं राहू दे आणि मगच स्क्रूला हात लावा. मोटरवाल्या छतात कधी अॅलन कीने फिरवायची जागा असते, कधी केबल सोडवावी लागते. मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि लागणारी अॅलन की ग्लोव्ह बॉक्समध्ये. डिकीत नको, कारण छत अर्ध्यात असेल तर पुष्कळ गाड्यांची डिकीच उघडत नाही!

मागच्या सीटजवळचं ट्रिम, म्हणजे आतलं प्लॅस्टिकचं आवरण, उघडणार असाल तर एक सांभाळा, काही कन्व्हर्टिबलमध्ये उलटल्यावर आपोआप वर येणारे रोलबार असतात आणि पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगकडे जाणारे. त्यांच्याशी खेळ नाही. ते दिसले की थांबा.

कापडाबद्दल थोडंसंच. छत महिनोन्महिने उघडं ठेवलं की कापड आखडतं आणि मग बंद करताना पुढची कडी बोटभर लांब राहते, कडी पकडत नाही, सिस्टिम थांबते, आणि आपण वायरिंग तपासत बसतो. छत जाईल तितकं पुढे आणून गाडी तासभर उन्हात उभी करा, कापड सैल पडतं. मागे प्लॅस्टिकची खिडकी असेल तर थंडीत छत उघडूच नका, ती कडक होते आणि घडीवर तडकते. ९८६ वाले छत अर्धं गेलं की थांबवून, बाहेर येऊन त्या खिडकीच्या मधोमध हाताच्या कडेने हलका घाव घालतात, घडी नीट पडावी म्हणून. बघणाऱ्याला वाटतं हा वैतागून गाडीला मारतोय.

मेकॅनिककडे जायचंच असेल तर "छत चालत नाही" एवढं सांगून किल्ली देऊ नका. कुठल्या टप्प्यावर थांबलं, टिक आला का, मोटर फिरली का, कुठली बाजू मागे होती, पाऊस पडून गेला होता का, हे सांगा, त्याचे दोन तास वाचतील. आणि साध्या ओबीडी रीडरला (गाडीचे एरर कोड वाचणारं यंत्र) छताचं मॉड्युल सहसा दिसतच नाही, त्या ब्रँडचा स्कॅनर असलेला माणूस शोधा. तो स्कॅनर प्रत्येक स्विच चालू आहे की बंद हे लाइव्ह दाखवतो, म्हणजे खो कुठे अडलाय ते स्क्रीनवरच.

आणि तुमचं छत आज व्यवस्थित चालत असेल तर एक काम आजच करा, फोन गाडीच्या मागे टेकवून ठेवा आणि छत एकदा उघडून बंद करताना पूर्ण शूट करा, आवाजासकट. माझ्याकडे असा एक जुना व्हिडिओ आहे. परवा छत शेवटच्या टप्प्यावर थांबलं तेव्हा तो लावून ऐकला, तर झाकण बंद झाल्यावर डावीकडून एक टिक आणि मग उजवीकडून एक असे दोन यायला पाहिजे होते, माझ्याकडे डावाच येत होता. उजव्या कडीखालचा स्विच, जीभ गाळात चिकटलेली.